मातीची कल्हई

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी दिलेले भाषण)



आपल्या या वार्षिक संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी कोणी मोठा विद्वान नव्हे. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाची पदविका घेतली आणि तेहतीस वर्षे मुलांना गणित व विज्ञान शिकवले, एवढीच माझी पुंजी. सेवानिवृत्तीनंतर वाचनाचे जुने वेड पुन्हा जडले. त्या वाचनातून व थोड्याशा खटाटोपातून जे हाती लागले, तेच आज आपणासमोर ठेवणार आहे. विषय गांडुळाचा आहे. गुणगौरवाच्या आणि शिष्यवृत्ती-वाटपाच्या या मंगल दिवशी गुरुजींना गांडूळ कोठून आठवले, असे आपणास वाटेल. परंतु थोडा धीर धरावा, ही विनंती.

आज दुपारच्या सभेपुढे एक ठराव यावयाचा आहे. आपल्या वसतिगृहामागील मोकळी जागा नांगरून तेथे मुलांच्या जेवणासाठी भाजीपाला लावावा, असा तो ठराव आहे. हेतू उत्तम आहे. तथापि आपणांपैकी वृद्धांना ठाऊकच आहे की, त्या जागेत पूर्वी आपल्या समाजाच्या सामाईक भट्ट्या होत्या. दोन-तीन पिढ्या तेथे तांबे तापले, ठोकले गेले, मठारले गेले आणि धुतले गेले. ठरावावर हात वर करण्यापूर्वी त्या मातीचे म्हणणे आपण ऐकून घ्यावे, एवढ्यासाठी मी उभा आहे. माती बोलत नाही. तिच्या वतीने गांडूळ बोलते.

माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगतो. आमचे घर कोकणात, तांबड्या जांभ्याच्या मातीवर. परसात वडिलांची भट्टी होती. पत्रा भट्टीत लाल करून पाण्यात बुडविला की त्यावरची काळी खपली सुटे. मग भांडे पातळ केलेल्या गंधकाच्या तेजाबात धूत व चिंचेने उजळत. ते निळसर पाणी बादलीत भरून परसाच्या कोपऱ्यात ओतण्याचे काम माझ्याकडे असे. माझे आजोळ देशावर, काळ्या मातीच्या गावी. मामांचा धंदाही हाच, आणि धुण्याचे पाणीही तसेच परसात जाई. परंतु आषाढात आजोळी गेलो की मामांच्या परसात गांडुळांच्या मातीची वेटोळी पावलोपावली दिसत, आणि आमच्या परसात एकही नाही.

मी वडिलांना विचारले, "अण्णा, आपल्याकडे गांडुळे का निघत नाहीत?"

ते म्हणाले, "तांबे त्यांना मानवत नाही."

"मग मामांकडचे तांबे त्यांना कसे मानवते?"

अण्णा हसले, आणि हातोडी उचलून पुन्हा कामाला लागले. त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. माझ्यापाशीही ते पुढे पन्नास वर्षे नव्हते.

प्रथम गांडुळाची थोरवी सांगतो. उत्क्रांतिवादाचा प्रणेता चार्ल्स डार्विन याने आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, गांडुळांवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी दरसाल १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा हिशेब त्याने मांडला. ज्या जमिनीत गांडूळ नाही, तिला नांगर आहे पण नांगऱ्या नाही, असे म्हणावे लागेल.

या प्राण्याला फुप्फुस नाही. तो ओल्या कातडीने श्वास घेतो. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो, त्यात त्याची कातडी अहोरात्र भिजलेली असते. शिवाय तो माती गिळतोही. त्या पाण्यात तांबे, जस्त, शिसे वा कॅडमियम विरघळलेले असेल, तर ते प्रथम त्याच्या अंगात शिरते. म्हणूनच जगभरच्या शास्त्रज्ञांनी मातीतील विषाची परीक्षा गांडुळाकडून करवून घेण्याची पद्धत घातली. १९८४ साली तिचे आंतरराष्ट्रीय नियम झाले. १० भाग पीट नावाचा कुजका शेवाळी पदार्थ, २० भाग केओलिन चिकणमाती आणि सुमारे ७० भाग वाळू अशी कृत्रिम माती करावयाची, तिच्यात धातू मिसळावयाचा, बरणीत दहा गांडुळे सोडावयाची आणि चौदा दिवसांनी किती जगली ते मोजावयाचे. पुढे केवळ मरण न मोजता अंड्यांचे कोष व पिले मोजण्याचीही रीत आली.

इंग्लंडातील डेव्हिड स्पर्जन, स्टीव्ह हॉपकिन व त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. अशा कृत्रिम मातीत किलोमागे सुमारे ५५५ मिलिग्रॅम तांबे झाले, तेव्हा आठ आठवड्यांत निम्मी गांडुळे मेली. परंतु कोषांची संख्या मात्र किलोमागे सुमारे ५३ मिलिग्रॅमलाच निम्म्यावर आली. म्हणजे मरणाच्या दहाव्या हिश्शालाच वंश खुंटू लागतो. वरवर गांडुळे जिवंत दिसतात, पण घरात पाळणा हलत नाही.

आता आपण म्हणाल की, प्रश्न सुटला. ५३ हा आकडा धरावा, माती तपासावी आणि निकाल द्यावा. येथेच मोठी गोम आहे. दख्खनचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा. त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक तांबे निसर्गतःच असते, आणि त्यापासून झालेल्या काळ्या मातीतही ते उतरते. तो आकडा सर्वत्र लागू असता, तर देशावर गांडूळ औषधालाही सापडले नसते. मामांच्या परसाने तर निसर्गाच्या तांब्यावर आमच्या धंद्याचे तांबे पचविले होते. तेव्हा मातीत तांबे किती आहे, याहून ते कोणत्या अवस्थेत आहे, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर आपल्या ज्ञातीतील प्रत्येक सुगृहिणीला ठाऊक आहे. तांब्याच्या कळशीत रात्रभर पाणी ठेवले तर आपण ते सकाळी आनंदाने पितो. त्याच तांब्याच्या बिनकल्हईच्या पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते, आणि पिणाराला मळमळ सुटते. भांडे तेच, तांबेही तेवढेच. फरक आंबटपणाचा. आंबटात तांबे विरघळते, पाण्यात ते जवळजवळ जागच्या जागी राहते. मातीचे नेमके असेच आहे. आंबट मातीत धातू कळकतो.

मातीचा आंबटपणा ज्या अंकाने मोजतात त्याला सामू म्हणतात. सात म्हणजे ना आंबट ना खारी. सातच्या खाली माती आंबट होत जाते, आणि प्रत्येक अंकाला आंबटपणा दहापट वाढतो. देशावरच्या काळ्या मातीचा सामू सामान्यतः ७.५ ते ८.५ असतो व तिच्यात चुनखडीचे खडे सापडतात. कोकणातील पावसाने धुपलेल्या जांभ्याच्या मातीचा सामू बहुधा ५ ते ६.५ असतो. मामांचे परस म्हणजे साध्या पाण्याची कळशी होती, आणि आमचे परस म्हणजे ताकाचे पातेले. त्यात मी स्वतःच्या हाताने तेजाबाचे पाणी ओतीत होतो. तांब्याची खपली आणि गंधकाचा तेजाब एकत्र आले की मोरचूद तयार होतो. म्हणजे ते निळे पाणी मोरचुदाचेच पाणी होते, हे मी पुढे कित्येक वर्गांना शिकविले. पण आपल्याच बादलीत ते होते, हे मला फार उशिरा उमगले.

दुसरा गुण चिकणमातीचा. मातीच्या सूक्ष्म कणांवर धातूंना बसण्यासाठी जागा असतात. पंगतीत मांडलेल्या पाटांसारख्या त्या समजाव्या. पाटावर बसलेला धातू गांडुळाला फारसा त्रास देत नाही; उभा राहून पाण्यात हिंडणारा धातू त्रास देतो. जांभ्याच्या मातीतील केओलिनाइट चिकणीचे पाट थोडे, शास्त्रीय मापाने शंभर ग्रॅममागे ३ ते १५. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट चिकणीचे पाट ८० ते १२०. शिवाय आंबटपणा वाढला की हायड्रोजनचे कण आगंतुकासारखे येऊन धातूंना पाटावरून उठवितात. म्हणजे आंबट आणि हलकी माती दोन्ही बाजूंनी नाडली जाते. युरोपात निरनिराळ्या मातींत तांब्याची परीक्षा घेणाऱ्यांनाही असेच आढळले की, मातीची ही धारणशक्ती पाहिली म्हणजे गांडुळाला होणाऱ्या अपायाचा अंदाज पुष्कळ बरोबर येतो.

तिसरा गुण सेंद्रिय अंशाचा. पाला, शेण व मुळे कुजून जो काळसर भाग होतो, त्याला शास्त्रात ह्यूमस म्हणतात. तांब्याला हा ह्यूमस इतका घट्ट धरतो की त्याच्या मिठीतून ते सहसा सुटत नाही. जस्त व कॅडमियम यांच्यावर सामूचा अंमल अधिक चालतो. स्पर्जन व हॉपकिन यांनी पुढे १९९६ साली कृत्रिम मातीचा सामू व सेंद्रिय अंश कमीजास्त करून जस्ताची परीक्षा घेतली. सामू जितका खाली व सेंद्रिय अंश जितका थोडा, तितके तेच जस्त गांडुळाला अधिक घातक ठरले.

चौथा गुण काळाचा. नुकताच मिसळलेला धातू तीव्र असतो. वर्षे लोटली म्हणजे तो मातीच्या कणांत खोल शिरतो, लोणच्यात मीठ मुरावे तसा मुरतो आणि त्याची धार कमी होते. इंग्लंडात ब्रिस्टॉलजवळ एव्हनमाउथ येथे जस्त गाळण्याचा मोठा कारखाना होता. तो २००३ साली बंद झाला. त्याच्या लगतच्या जमिनीतून गांडुळे नाहीशी झाली होती. परंतु त्या परिसरातील जुनी माती प्रयोगशाळेत आणली, तेव्हा बरणीत ताजे जस्त घातलेल्या कृत्रिम मातीपेक्षा ती कित्येक पटींनी सौम्य ठरली. तथापि मुरलेला धातू नाहीसा झालेला नसतो. सामू उतरला किंवा ह्यूमस झिजला की जुनी येणी वसूल करणाऱ्या सावकारासारखा तो पुन्हा दारात उभा राहतो.

आपल्यापैकी ज्यांच्या कोकणात सुपारीच्या किंवा नाशिक-सांगलीकडे द्राक्षांच्या बागा आहेत, त्यांनाही हे लागू आहे. १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे याने प्रसिद्ध केलेले बोर्डो मिश्रण आपण कोळेरोगावर व केवड्यावर फवारतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व शंभर लिटर पाणी, हे त्याचे प्रमाण. मोरचुदात चौथा हिस्सा तांबे असते. आता गणित करू. समजा, एका एकराला वर्षाला चार किलो मोरचूद गेला, म्हणजे एक किलो तांबे. पन्नास वर्षांत पन्नास किलो. एकराच्या वरच्या वीतभर मातीचे वजन सुमारे नऊ लक्ष किलो. सर्व तांबे तेथेच राहिले असे धरले, तर मूळच्या तांब्यावर किलोमागे सुमारे ५५ मिलिग्रॅमची भर पडते. मघाचा ५३ चा आकडा आठवावा. काळ्या, चुनखडीच्या मातीत ही भर बहुधा पचेल; आंबट, पाला झाडून नेलेल्या जांभ्याच्या बागेत तिचा भार जाणवेल. औषध सोडा, असे मी म्हणत नाही. पाला जाळू नका, मातीत कुजवा, एवढेच म्हणतो.

आता वसतिगृहाच्या जागेकडे वळतो. गेल्या श्रावणात वसतिगृहातील दोन विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मी तेथे फूटभर लांब, रुंद व खोल असे खड्डे खणले. जुन्या हौदापाशी एकही गांडूळ निघाले नाही. तेथून दहा-बारा पावलांवर फणसाच्या झाडाखाली अकरा निघाली. तेथे तांबे कमी असेल, असा माझा तर्क होता. दोन्ही मातीचे नमुने स्वखर्चाने तपासून घेतले, तो एकूण तांबे जवळजवळ सारखेच! भेद होता तो सामूत आणि सेंद्रिय अंशात. फणसाखाली किती तरी वर्षांचा पाला कुजला होता. अण्णांनी ज्या प्रश्नावर हसून हातोडी उचलली, त्याचे उत्तर मला त्या फणसाखाली मिळाले.

मग हौदाकाठची माती दोन कुंड्यांत भरली. एकीत तशीच ठेवली, दुसरीत कुजलेला पाला व थोडा शिंपल्यांचा चुना मिसळून महिनाभर मुरू दिली. नंतर दोन्हींत दहा दहा गांडुळे सोडली. चार आठवड्यांनी पहिलीत तीन उरली, तीही रोडावलेली, दुसरीत नऊ. दोन कुंड्या म्हणजे शास्त्र नव्हे, हे मी जाणतो. परंतु शास्त्राने जे सांगितले तेच माझ्या अंगणात घडले, याचा मला आनंद झाला. चुना आणि पाला ही मातीची कल्हई होय. कल्हईने तांबे नाहीसे होत नाही. ते पोटात जाण्यापासून अडते. आणि भांड्याची कल्हई उडते तशी मातीचीही उडते. ह्यूमस झिजतो, पाऊस चुना धुऊन नेतो. म्हणून ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

येथे एक धोक्याची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. गांडूळ जगले म्हणजे भाजी निर्धोक झाली, असे मुळीच समजू नये. आपल्या धंद्यात शिसेही होते. जोडकामाच्या कथिलात ते असे, आणि काही ठिकाणी कल्हईच्या कथिलातही त्याची भेसळ होई. मघा सांगितलेल्या प्रयोगांतच निम्मी गांडुळे मरण्यास किलोमागे सुमारे ३,७६० मिलिग्रॅम शिसे लागले. गांडूळ शिशाला चुना व फॉस्फेट यांच्या कणांत कोंडून ठेवते, आणि कॅडमियमला एका विशेष प्रथिनाशी जखडते. ही विद्या आपल्या मुलांच्या देहाला इतकी साधलेली नाही. शिशाचे अल्प प्रमाणही बालकाच्या बुद्धीला अपाय करते. शिवाय धातू साठविलेले गांडूळ कोंबडीने खाल्ले तर तो साठा कोंबडीत जातो. म्हणून गांडुळाची साक्ष नकारार्थी असली तर ती तत्काळ मानावी. होकारार्थी असली तर तिच्यावर विसंबून राहू नये.

सरकारने २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिकेची योजना चालू केली. त्या पत्रिकेत सामू, सेंद्रिय कर्ब आणि पिकाला मिळण्याजोगे तांबे व जस्त यांचे आकडे असतात. ती अवश्य काढावी. परंतु पिकाला काय कमी पडते हे पाहण्यासाठी ती आहे. शिसे व कॅडमियम तिच्यात नाहीत. ते निराळे पैसे भरून तपासून घ्यावे लागतील.

यास्तव सभेपुढे माझी नम्र सूचना अशी. प्रथम, त्या जागेतील निदान चार ठिकाणच्या मातीत शिसे, कॅडमियम व तांबे तपासावे. दुसरे, अहवाल येईपर्यंत तेथे भाजी न लावता फुलझाडे लावावी, आणि पाला जाळण्याऐवजी तेथेच कुजवावा. चुना मात्र सामू पाहूनच घालावा. तिसरे, ज्या थोड्या घरांत अद्याप भट्टी पेटते, त्यांनी तेजाबाचे पाणी मातीत न ओतता पक्क्या टाकीत चुन्याने मारावे, आणि खाली बसणारा गाळ शेतात वा खतात जाऊ देऊ नये. खर्चाचा प्रश्न कोषाध्यक्ष विचारतीलच. तपासणीच्या खर्चाचा पहिला हिस्सा माझ्या निवृत्तिवेतनातून मी आजच देत आहे.

हे बोलताना आपल्या वडीलधाऱ्यांना दोष देण्याचा हेतू माझ्या मनात नाही. त्यांनी घामाने आपल्याला वाढविले, आणि त्या काळी जे ठाऊक नव्हते त्याचा जाब त्यांना विचारणे कृतघ्नपणाचे होईल. बादली तर मीच वाहिली आहे. परंतु त्यांची एक शिस्त आपण विसरू नये. आपल्या पूर्वजांनी कोणाही पाहुण्याला बिनकल्हईच्या भांड्यात ताक वाढले नाही. भांडे हाती घेतले की आधी ते आत डोकावून कल्हई पाहत आणि मगच वाढीत. आज त्या जमिनीतून आपण आपल्या मुलांना वाढणार आहोत. तेव्हा आधी आत डोकावून पाहू या.